बड बेटिकरचा 'राइड लोनसम': दुर्लक्षित की आहे त्याच लायकीचा?

रानवाटा:
वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपट, म्हटलं की आपली गाडी लिओने-ईस्टवुडवर अडते, फार तर जॉन फोर्डपर्यंत जाते. दिग्दर्शक बेटिकरचं नाव कुणी काढत नाही. 'राइड लोनसम' (१९५९) बघाच. ७३ मिनिटं, मोजकी माणसं, कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनचे उघडेबोडके खडक. ब्रिगेड (रॅन्डॉल्फ स्कॉट) खुनी बिलीला पकडून सांताक्रूझला नेतोय. पण लपतछपत नाही. उघड्या माळावरून, सावकाश. कारण त्याला बिली नकोच आहे, मागावर येणारा बिलीचा थोरला भाऊ फ्रँक हवाय. का हवाय, हे बेटिकर बऱ्याच उशिरापर्यंत कळू देत नाही.

तिखटमीठ:
७३ मिनिटं हा गुण, की खिसा रिकामा होता म्हणून? स्कॉटचा चेहरा पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत ढिम्म. नायिका कॅरन स्टीलला काम काय, तर पुरुषांनी तिच्याकडे बघायचं. अपाची जमातीचे आदिवासी तर घोडा देऊन बाई मागायला येतात! वर्षभराने आलेला 'कोमान्ची स्टेशन' लावा: तोच स्कॉट, तेच लोन पाइन, सोबतीला तसलेच भामटे.

रानवाटा:
अपाचींचं चित्रण वाईटच आहे, त्याची वकिली करणार नाही. पण स्कॉट ढिम्म आहे म्हणूनच बाकीचे खुलतात. बून आणि व्हिट हे दोघे भामटे घ्या. बिलीला हजर करणाऱ्याला माफी मिळणार, म्हणून बूनचा बिलीवर डोळा. माफी मिळाली की शेतीवाडी करू, त्यात तुझी भागी, असं तो व्हिटला सांगतो. का म्हणून? तर तू मला आवडतोस. इतकी वर्षं सोबत हिंडलेला व्हिट म्हणतो, हे मला माहीतच नव्हतं! व्हिट झालेल्या जेम्स कोबर्नचा हा पहिलाच चित्रपट. कसलेल्या नटालाही जमणार नाही असा गोंधळलेला चेहरा करतो.

जुना प्रोजेक्टर:
दुर्लक्षित कसला? फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँने १९५७ मध्येच बेटिकरच्या 'सेव्हन मेन फ्रॉम नाऊ'ला डोक्यावर घेतलं होतं. बाकी नुकसान बेटिकर गड्याने स्वतःच करून घेतलं. तरुणपणी मेक्सिकोत बैलझुंज शिकलेला, ते वेड काही सुटलं नाही. ऐन भरात हॉलीवूड सोडून मॅटडोर (बैलांशी झुंजणारा) कार्लोस अरुझावर माहितीपट करायला गेला. पैसे संपले, तुरुंग झाला, वेड्यांचं इस्पितळ झालं. १९६६ मध्ये अरुझाच अपघातात गेला. चित्रपट आला १९७२ मध्ये.

रानवाटा:
बाझँ वाचणारे किती, आणि टीव्हीवर वेस्टर्न बघणारे किती! आणि फ्रँक विसरा म्हणता? ब्रिगेडच्या बायकोला याने झाडाला फाशी दिलेलं. त्याबद्दल बोलताना म्हणतो, फार जुनी गोष्ट, मी जवळजवळ विसरलोच होतो. फ्रँक झालेला ली व्हॅन क्लीफ हे इतक्या सहज बोलतो की अंगावर काटा येतो.

तिखटमीठ:
विसरा असं मी कुठे म्हटलं? तो संवाद कडकच आहे. पण पटकथा बर्ट केनेडीची. हार त्याच्या गळ्यात घाला.

रानवाटा:
घालू की. फक्त केनेडी पुढे स्वतः दिग्दर्शक झाला, ते वेस्टर्नही एकदा बघून या. मग बोलू.