चर्चा: जुन्या धाटणीचं घर बांधताना गवंडी-सुतार नकाशाच्या आधी की नंतर?

वाईकर
वाईजवळच्या गावात आमचं जुनं घर उतरवून त्याच जागी जुन्याच धाटणीचं बांधतोय. ओसरी, सोपा, माजघर, मधे चौक, वर कौलं. जुन्या घराच्या ११ सागवानी तुळया शाबूत निघाल्या, प्रत्येकी १२ फुटी.

आर्किटेक्टनी नकाशा मन लावून काढला, त्यात सोपा १४ फूट रुंद. पाया खोदायच्या आदल्या दिवशी सुतारमामा आले. तुळईला टेप लावला आणि म्हणाले, "दोन्हीकडं नऊ-नऊ इंच भिंतीत बसायला लागतं. उरलं साडेदहा. चौदा कुठनं आणू?" एवढ्या एका वाक्यात दोन महिन्यांचं काम फिरलं. जुन्या घरात खोली लाकडावरून ठरायची. तुळई केवढी, दोन तुळयांमधले खण किती, मग भिंत कुठं. आपण आधी भिंत ठरवतो आणि लाकूड शोधत फिरतो.

मग आम्ही जागेवर फक्कीने, म्हणजे पांढऱ्या भुकटीने, अख्खं घर खऱ्या मापात आखलं. आई चुलीच्या जागी जाऊन उभी राहिली. "इथनं मला दारात कोण आलंय ते दिसत नाही," म्हणाली. कागदावर ते कुणालाच दिसलं नव्हतं, तिलाही नाही.

माझं मत: आर्किटेक्ट, गवंडी, सुतार आणि त्या घरात राबणारी बाई पहिली रेघ मारायच्या आधी एकत्र बसलेच पाहिजेत. तुम्हाला काय वाटतं?

कराडचा सिव्हिलवाला
साफ असहमत. माझं आजोळ पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आजी दोन लेकरांना घेऊन अंगणात पळाली आणि मागे घराची भिंत बसली. दगड-मातीची जाड भिंत. आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे भर. हादऱ्यात दोन्ही पदर सुटतात आणि वरचा बोजा खाली येतो.

म्हणून दगडी भिंतीत दर दोन फूट उंचीवर आणि आडव्यात दर चार फुटांच्या आत भिंतीच्या पूर्ण रुंदीचा आरपार दगड लागतो. जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली सगळ्या भिंती एकत्र बांधून ठेवणारी सलग पट्टी लागते. या गोष्टी चर्चेला ठेवायच्या नसतात. एका साइटवर मालकाचे काका आणि मिस्त्री यांनी मिळून मधली पट्टी गाळली. कारण? "आमच्या जुन्या घराला कुठं होती?" मी गेलो तोवर भिंत वर गेली होती. ती उतरवायला लावली, त्यावरून मालक अजून बोलत नाहीत. सगळे मिळून ठरवतात, सही मात्र माझी एकट्याची असते. सगळ्यांचं ऐका, पण नकाशा एकाच्याच हातात राहू द्या.

मेढ्याचा, गवंड्याच्या घरातला
साहेब, आरपार दगड माझ्या बापाला कुणी कागदावर शिकवला नाही. तो दगड हातात घेऊन फिरवतो, तोंड बघतो, मग ठेवतो. लांब दगड तो आधीच बाजूला काढून ठेवतो, आरपारसाठी. पट्टीचं तुमचं बरोबर, ती आमच्यात नव्हती, ती आम्ही शिकलो. पण तुमच्या नकाशात जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा लिहिलेला असतो, त्याचं काय? आमच्याकडं पाऊस चार महिने हटत नाही. भिंतीत गेलेली ओल चुन्यातनं बाहेर पडते, सिमेंटमागं अडकते. दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे. शिव्या गवंड्याला.

वाईकर, तुम्हालाही एक सांगतो. बापाला बोलावतात, तास-तास विचारतात, चहा पाजतात आणि पाठवून देतात. हजेरी लागते ती पाया खोदल्यावर. आर्किटेक्टला नकाशाचे पैसे मिळतात. मग बापानं अक्कल फुकट का द्यायची? एकत्र बसवायचं तर त्या दिवसाचे पैसे आधी ठरवा. नाहीतर त्याला सहभाग म्हणू नका.

सांगलीची कृष्णाकाठची
मी सिव्हिलवाल्यांच्या बाजूची, पण माझं कारण वेगळं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमच्या घरात पाणी आठवडाभर होतं. माजघराच्या चौकटीवर गाळाची रेघ अजून आहे, मी ती पुसू दिली नाही.

नंतर घर दुरुस्त करताना सगळे एकत्र बसलो, अगदी तुम्ही म्हणता तसे. दिरांना चौक दोन पायऱ्या खोल हवा होता, वाड्यासारखा. मी म्हणाले, पाणी आधी तिथंच भरेल आणि गाळ मलाच उपसावा लागेल. आर्किटेक्टना माझं पटत होतं, ते गप्प राहिले. बहुमतानं चौक खोल झाला. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. घमेल्यानं चिखल काढला तो मी आणि जावेनं.

त्या बैठकीत मी होते, पण नुसतं असण्यानं काही झालं नाही. विजेचा बोर्ड, धान्य, देवघर रेघेच्या वर हे कुणाच्या आवडीवर सोडायचं नाही, आणि तिथं आर्किटेक्टनी तोंड उघडायलाच हवं.

वाईकर
ताई, हे वाचून थांबलो. मी आईला विचारलं याचंच मला अप्रूप होतं. तिचं ऐकलं नसतं तरी तिला विचारल्याचं समाधान मी घेतलंच असतं, हे खरं आहे.

सिव्हिलवाले, पट्टी आणि आरपार दगड यावर वाद नाही, तो भाग तुमच्यासारख्याच्याच हातात. पण सोपा साडेदहा की मधे खांबांची ओळ घेऊन चौदा, वळचण दोन फूट की तीन, हे कार्यालयात बसून ठरत नाही. सुतारमामा वळचण तीन म्हणतायत, पागोळ्या जोत्यापासून लांब पडाव्यात म्हणून.

कराडचा सिव्हिलवाला
तीन फूट वळचण चांगलीच. पण पश्चिमेचा वारा तिला खालून उचलतो. वासे भिंतीवरच्या पट्टीला लोखंडी पट्टीनं बांधणार का, हे सुतारमामांना विचारा. आणि सोप्याचं माप बदललं की पायाही बदलतो. फक्कीवर काय फिरवलं ते नकाशात उतरवून, सही घेऊन मगच खोदा.

मेढ्याचा, गवंड्याच्या घरातला
बापाला दाखवलं हे. म्हणाला, वासे बांधायचं बरोबर आहे, पण दगड बघितल्याशिवाय भिंतीची रुंदी सांगणार नाही. उतरवलेल्या घराचा दगड रचून ठेवलाय का तुम्ही, की ट्रॅक्टरनं नेऊन टाकला?

वाईकर
अर्धा गेला.