विमान पडलं, कोसळलं, आदळलं की पाडलं?

हवाई दलातल्या अपघात-चौकशीवर थरारक कादंबरी लिहितोय आणि पहिल्याच वाक्यात अडकलोय: 'पहाटे सव्वापाचला विमान कोसळलं.' मित्र म्हणतो, 'कोसळलं' वर्तमानपत्री आहे, 'पडलं' लिही. काय करू? आणि नायकाला 'तपासनीस' म्हणू की 'अन्वेषक'?

* * *

आमच्या गावात अजून 'इमान पडलं' असंच म्हणतात. पण पडतं ते पेनही. दरड कोसळते, भिंत कोसळते, म्हणजे सगळं वजन एकदम खाली येतं. माझं मत 'कोसळलं'लाच.

* * *

थांबा, गफलत इथेच आहे. 'कोसळलं' म्हटलं की काहीतरी बिघडलं, तोल गेला आणि विमान खाली आलं, असं वाचक धरून चालतो. ८ डिसेंबर २०२१ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं मि-१७ हेलिकॉप्टर गेलं, तेव्हा सगळ्या बातम्यांत 'कोसळलं'च होतं. तिन्ही दलांच्या चौकशीचा निष्कर्ष मात्र असा: यंत्रबिघाड नाही, घातपात नाही, निष्काळजीपणाही नाही. हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाला दिशेचं भान राहिलं नाही आणि ताब्यात असलेलंच हेलिकॉप्टर जमिनीला भिडलं. वैमानिकांच्या भाषेत हे 'सीफिट'. मराठीत त्याला 'आदळलं'च हवं. (२०२४च्या संसदीय समितीच्या अहवालात कारण म्हणून 'मानवी चूक' एवढंच आलं. एवढ्या मोठ्या घटनेला दोन शब्द!)

* * *

दादांच्या मुद्द्याला जोड. २७ फेब्रुवारी २०१९, बडगाम. तेही मि-१७च, त्याही दिवशी 'कोसळलं'. चौकशीत निघालं की ते आपल्याच क्षेपणास्त्रानं पाडलं होतं. हवाई दलाचे ६ जण आणि जमिनीवरचा १ नागरिक गेला. ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ही मोठी चूक असल्याचं जाहीर कबूल केलं. 'पडलं' आणि 'पाडलं' यांत फरक एका कान्याचा, आणि तुमची अख्खी कादंबरी त्या कान्याच्या शोधात असणार. तो पहिल्या पानावर कशाला देऊन टाकता?

'तपासनीस' म्हटलं की मला शाळेत येणारे साहेब आठवतात, 'अन्वेषक' प्रबंधातून उठून आल्यासारखा वाटतो. पात्रांच्या तोंडी सरळ 'कोर्ट ऑफ इन्क्वायरी' ठेवा. त्याचं 'चौकशी न्यायालय' करू नका, तिथे आरोपीला शिक्षा होत नाही. नेमलेले अधिकारी पुरावे गोळा करून अहवाल देतात, कोर्ट मार्शल झालंच तर ते वेगळं.

* * *

पटलं. पण मग पहिल्या वाक्यात क्रियापद कोणतं?

* * *

त्या क्षणी नियंत्रण कक्षाला जेवढं ठाऊक आहे तेवढंच लिहा. 'सव्वापाचला विमानाशी संपर्क तुटला.'

* * *

घेतलं! आता दुसरं वाक्य: 'डोंगरउतारावर मलबा पसरला होता.'

* * *

'मलबा' हिंदी बातम्यांतून आलाय, आणि मला त्यात पडलेली इमारत दिसते. 'भंगार' नकोच, ते विकायला काढतात. 'अवशेष' अहवालात चालेल. पण नायक चिखलात गुडघे टेकून एकेक उचलून बघणार असेल, तर 'तुकडे' लिहा.