पळून अंगठ्याचं नख काळं पडलंय, काढून टाकू का?

फोंड्याचा_रनर:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात वास्कोच्या रिव्हर मॅरेथॉनला २१ किमी करायचंय, म्हणून रविवारी पणजीला लांब पळतो, मिरामारहून सुरू करून शेवटी आल्तिनो चढायचा आणि उतरायचा. काल घरी आलो तर उजव्या अंगठ्याचं नख जांभळं-काळं, रात्रभर ठणकत होतं. सासरे म्हणतात सुई तापवून भोक पाड. काय करू? पळणं बंद ठेवावं लागेल का?

म्हापसा_फिजिओ:
दादा, घरी सुई अजिबात नको, जंतू आत गेले तर मग खरा त्रास. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो, अंगठा पुन्हा पुन्हा समोर आपटतो आणि नखाखाली रक्त साकळतं, तोच हा काळा रंग. कपड्यात गुंडाळून बर्फ १०-१५ मिनिटं धरा, पाय उंच ठेवून बसा. ठणका सोसत नसेल तर आज-उद्याच डॉक्टर गाठा, ते निर्जंतुक करून नखाला बारीक भोक पाडतात, रक्त बाहेर आलं की लगेच बरं वाटतं, पण उशीर झाला, रक्त गोठलं की त्याचा फारसा उपयोग नाही. नख उपटू नका, खालच्या नाजूक कातडीला तेच झाकण आहे. सुटायचं तर आपोआप सुटेल, पूर्ण नवीन यायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

पेडणे_डिफेंडर:
आमच्या फुटबॉलवाल्यांचं तर हे नेहमीचंच. पोरं बूट मुद्दाम घट्ट घेतात, बॉलवर कंट्रोल येतो म्हणून, आणि पावसात चिखलात भिजलेले मोजे तसेच घालून दोन-दोन तास खेळतात, मग नखांचं काय होणार! कोणी बुटाने पाय तुडवला असेल आणि अंगठा वाकवतानाही कळ येत असेल तर एक्सरे काढाच, आत हाड मोडलेलं असू शकतं.

फोंड्याचा_रनर:
धन्यवाद ताई, ठणका आता कमी आहे त्यामुळे भोक पाडायची वेळ येणार नाही असं वाटतं. पण पुन्हा होऊ नये म्हणून काय?

म्हापसा_फिजिओ:
बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि पळायचे मोजे घालूनच बघा. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. नाडी घोट्याजवळ घट्ट बांधा, सगळ्यात वरचं जादा भोक असतं ना, त्यातून ओवून, म्हणजे टाच मागे धरून राहते. उतारावर पावलं छोटी टाका. नखं सरळ कापा, कडा आत खोल कापू नका. आणि आपल्या हवेत सुती मोजे नकोतच, घाम धरून ठेवतात.
दुखत नसेल तेव्हा सपाटीवर हळू पळा, आल्तिनो काही आठवडे सोडा. पू, लाली, ताप दिसला किंवा डायबेटीस असेल तर थांबू नका, थेट डॉक्टर. मार न लागता काळी रेघ आली, किंवा डाग नखाबरोबर पुढे सरकतच नसेल, तर स्किनवाल्यांना दाखवा, क्वचित तो कॅन्सरही असतो.