चिपरची पाती घरी कशी पाजळावीत? (एकाची कड निळी पडलीये)

दापोलीकडे आमची थोडी हापूसची कलमं आणि वीसेक माड आहेत. छाटणीच्या फांद्या नि झावळ्या जाळणं बंद केलं, त्यासाठी तीन वर्षांपूर्वी ३ एचपीचा विजेवरचा चिपर (फांद्या बारीक करणारं यंत्र) घेतला. भुगा कलमांच्या आळ्यात आच्छादनाला जातो.

गेला महिनाभर यंत्र फांदी ओढून घेत नाही, ढकलावी लागते. आधी कपच्या पडायच्या, आता काथ्यासारख्या दशा बाहेर येतात. बेल्ट ओरडतो. उघडलं तर दोन्ही पाती बोथट, एकीला दोन खांडे. बहुधा खिळा गेला असावा. झावळ्या जमिनीवरून ओढत आणतो, त्यांच्याबरोबरची वाळूही असेलच.

बाजारातल्या धारवाल्याला खांडे असलेलं पातं दिलं. त्याने कोरड्या दगडावर ठिणग्या उडवत पाच मिनिटांत परत दिलं, कड निळी! दोन दिवस झकास चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोष त्याला एकट्याला देत नाही, मीही शेजारी उभा राहून कौतुकाने बघत होतो.

आता घरीच करायचं म्हणतोय. चार इंची ग्राइंडर, कानस, ऑइलस्टोन एवढं आहे. कोयत्यासारखी दोन्ही बाजूंनी धार काढायची का? कोन किती ठेवू? आणि निळ्या कडेचं काय?

प्रतिसाद १
निळं झालं तिथलं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलं, ती धार टिकणार नाही. तेवढा भाग जाईपर्यंत घासावं लागेल, पण सावकाश. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) लावा, दोन हात फिरवले की पातं पाण्यात. बोटाला चटका बसायची वाट बघायचीच नाही. आणि दादा, हा कोयता नव्हे, रंध्याचं पातं समजा. उतार एकाच बाजूला. सपाट बाजू ऑइलस्टोनवर आडवी ठेवून पलीकडे वळलेली कुसळ तेवढी काढायची. कोन आहे तोच राखा, बहुतेकांचा ३० ते ४५ अंशांत असतो. उतार मार्करने काळा करा, दोनदा घासा, काळं कुठे उरलं ते बघा, हात कुठे चुकतोय ते लगेच कळेल. शेवटी दोन्ही पाती काट्यावर ठेवा. वजनात फरक राहिला तर ड्रम थरथरतो आणि बेअरिंग जातं.

प्रतिसाद २
पाती काढण्याआधी प्लग नुसता बंद नको, उपसून ठेवा. घासल्यावर पातं अरुंद होतं, म्हणजे खालच्या स्थिर पट्टीपासूनचं अंतर वाढतं. ते पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे परत जुळवा, नाहीतर धार असूनही दशाच निघतील. मग ड्रम हाताने पूर्ण फिरवून बघा, कुठे घासत नाही ना. बाकी, पाती दुधारी आहेत का पाहिलंत? बऱ्याच यंत्रांत उलटून लावता येतात.

धागाकर्ता
दुधारीच निघाली! चिकाचा थर बसला होता, रॉकेलने पुसल्यावर दुसरी कड दिसली, कोरी करकरीत. तीन वर्षं पत्ता नव्हता, घरात हसं झालंय. पण काट्यावर १४ ग्रॅमचा फरक दाखवतोय. जड पात्याच्या बोथट कडेतूनच तेवढं काढलं तर चालेल ना? पट्टीचे बोल्ट गंजलेत, डिझेल घालून ठेवलंय, उद्यापर्यंत सुटतील असं वाटतं.