घरगुती स्टुडिओसाठी जुना मिक्सर : दोहोंपैकी कोणता घ्यावा?

पखवाज_सातारा : घरातल्या एका खोलीत भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण करण्याची तयारी चालू आहे. मंडळी एकत्र बसूनच गातात. प्रत्येकाला वेगळे बसवून आवाज भरून घेणे त्यांना जमणार नाही आणि मलाही रुचत नाही. मुख्य गायक एक, झीलकरी दोन, टाळांना एक आणि हार्मोनियम व पखवाजाला प्रत्येकी दोन, असे एका वेळी आठ माइक लागतील आणि ते आठही संगणकात स्वतंत्र हवेत. सध्या दोन जुने मिक्सर समोर आहेत. एका साउंडवाल्यांकडे ॲलन अँड हीथचा मिक्सविझार्ड 16:2 (डब्ल्यूझेड3) आहे, तर दुसरीकडे फारसा न वापरलेला यामाहाचा एमजी16एक्सयू मिळतो आहे. दुसऱ्याला यूएसबी असल्याने मन तिकडे ओढ घेते. निर्णय कशावर घ्यावा आणि पाहायला गेल्यावर काय तपासावे?

तारसप्तक : यूएसबी आहे एवढ्यावर जाऊ नका; त्यातून एका वेळी किती चॅनेल संगणकात जातात ते पाहा. एमजी16एक्सयू मिक्सर म्हणून चांगलाच आहे, पण त्याच्या यूएसबीतून दोनच चॅनेल जातात, म्हणजे आठही माइक आधीच एकत्र कालवलेले मिळतील आणि नंतर टाळ जड वाटले तरी ते वेगळे करून कमी करता येणार नाहीत. मिक्सविझार्डला यूएसबी नाही, मात्र प्रत्येक माइक चॅनेलला डायरेक्ट आउट (त्या एकाच चॅनेलचा आवाज वेगळा बाहेर देणारा जॅक) आहे. तिथून आठ लाइन इनपुट (माइकपेक्षा जोरकस संकेत घेणारे जॅक) असलेल्या इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज संगणकात नेणाऱ्या पेटीत, आठ तारा नेल्या की काम झाले. इंटरफेसचा खर्च वेगळा धरावा लागेल. तो टाळायचा असेल तर साउंडक्राफ्टच्या सिग्नेचर मालिकेतील एमटीके मिक्सर जुन्यात शोधा, कारण त्यांच्या यूएसबीतून सर्व चॅनेल स्वतंत्र मिळतात. फायरवायरचे (यूएसबीसारख्याच एका जुन्या जोडणीचे) मिक्सर स्वस्तात दिसतील, पण नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नसते.

खरखर_दुरुस्ती : तपासणीविषयी लिहितो. जाताना स्वतःचा हेडफोन, एक माइक आणि मल्टिमीटर न्यावा. मिक्सर निदान तासभर चालू ठेवायला सांगावा, कारण काही दोष यंत्र तापल्यावरच उघडे पडतात. माइक न जोडता एकेका चॅनेलचा गेन (आत येणारा आवाज वाढवणारा नॉब) पूर्ण वाढवून पीएफएलवर, म्हणजे तो एकच चॅनेल हेडफोनमध्ये ऐकवणाऱ्या बटणावर, ऐकावे. सर्वत्र थोडी सुरसुर असणारच, पण एखाद्याच चॅनेलची सुरसुर इतरांहून वेगळी वाटली तर तिथे काहीतरी बिघडले आहे. फँटम (काही माइकना तारेतूनच मिळणारी वीज) चालू करून एक्सएलआरच्या, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या जोडणीच्या, पिन 1 आणि 2 यांमध्ये विजेचा दाब मोजावा. तो 44 ते 52 व्होल्टच्या आत हवा.

एखाद्या चॅनेलचा आवाज क्षीण आला तर तो लगेच मेला असे समजू नये. त्याच्या इन्सर्ट जॅकमध्ये (मधेच बाहेरचे उपकरण जोडण्याच्या जागी) एक प्लग चार-पाच वेळा घालून काढावा. आवाज परत आला तर आतल्या स्विचच्या पट्ट्या काळ्या पडल्या आहेत असे समजावे आणि ते काम किरकोळ आहे. साउंडवाल्यांचा मिक्सर विसर्जन मिरवणुकीत फिरलेला असेल तर फेडरच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) फटींत गुलाल हमखास सापडतो. (कितीही पुसा, पुढच्या वर्षीपर्यंत निघत राहतो.) फेडरची खरखर फेडरसाठीच्या क्लीनरने बहुधा जाते, त्यात डब्ल्यूडी-40 मात्र मारू नये. मिक्सविझार्डच्या बाजूने आणखी एक गोष्ट अशी, की त्यात प्रत्येक चॅनेलचा बोर्ड वेगळा असल्याने बिघडलेले कार्ड तेवढेच काढता येते. लहान मिक्सरमध्ये बहुधा सगळ्यांचा मिळून एकच बोर्ड असतो.

निषाद : मला मूळ योजनाच पटत नाही. आठ माइकचा इंटरफेस घ्यावाच लागणार असेल तर त्यातच माइकचे प्रीॲम्प (माइकचा क्षीण संकेत वाढवणारे भाग) असतात, मग सोळा चॅनेलचे धूड खोलीत कशाला?

तारसप्तक : आक्षेप रास्त आहे, हेडफोनचा प्रश्न नसता तर मीही केवळ इंटरफेसच सुचवला असता. गायकाला स्वतःचा आवाज आणि हार्मोनियम हवी, पखवाजवाल्याला टाळ कमी हवेत. सॉफ्टवेअरमधून ऐकवायचे तर 48 किलोहर्ट्झला 256 सॅम्पलचा बफर (संगणक आवाज ज्या तुकड्यांनी हाताळतो तो साठा) एका दिशेने सव्वापाच मिलिसेकंद खातो, परतीचा वेळ वेगळा, आणि गायकाला ते जाणवते. इंटरफेसच्या स्वतःच्या मिक्सरमधून हा विलंब टळतो खरा, पण भजन चालू असताना माउसने पातळ्या बदलत बसावे लागते. मिक्सविझार्डच्या सहा ऑक्समधून (मुख्य मिश्रणाहून वेगळे मिश्रण बाहेर देणाऱ्या वाटांतून) प्रत्येकाला हवे ते विनाविलंब देता येते आणि नॉब हाताशी असतो. मंडळी हेडफोन घालणारच नसतील तर मात्र निषाद यांचे म्हणणे मान्य.

पखवाज_सातारा : गायक आणि पखवाजवादक हेडफोन घालतील, म्हणून मिक्सविझार्डच पाहायला जातो. मुद्रण चालू असताना मी फेडर हलवला तर संगणकातली पातळीही बदलेल का?

खरखर_दुरुस्ती : होय, कारण मुळात त्याचा डायरेक्ट आउट फेडरच्या नंतरचा आहे. आतले जंपर (जोडणी बदलणाऱ्या छोट्या टोप्या) बदलून तो फेडरच्या आधीही घेता येतो, पण त्यासाठी मिक्सर उघडावा लागतो. आधीच्या मालकाने ते बदलले आहेत का, हे एक फेडर खाली ओढून तिथेच पाहून घ्या. इंटरफेसचे इनपुट माइकवर नव्हे, लाइनवर ठेवा. लॅपटॉप जोडल्यावर घूं असा आवाज आला तर चार्जर काढून बॅटरीवर ऐका. तो थांबला तर दोष मिक्सरचा नसून अर्थिंगच्या फेऱ्याचा (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून बनलेल्या वर्तुळाचा) आहे, आणि त्यावर उपाय म्हणून मिक्सरच्या प्लगची अर्थची पिन कोणी कापायला सांगितली तरी कापू नका.