बालवाटिकेचं गणित: महिन्याला एकच बैठक, ताईंना नव्या आराखड्याकडे कसं न्यावं?

द्राक्षपट्टा

तासगाव-पलूस भागातल्या काही बालवाड्यांच्या ताईंच्या बैठका घ्यायची जबाबदारी माझ्याकडे आहे. जूनपासून पायाभूत स्तराच्या (वय ३ ते ८) २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याप्रमाणे गणित घ्यायचं ठरलंय. ताई अनुभवी आहेत, मुलांवर जीव आहे, पण पद्धत ठरलेली: फळ्यावर १ ते १०, पाटीवर गिरवणं, मोठ्या गटाला ५० पर्यंत लेखन, शेवटी सगळ्यांनी एका सुरात अंक म्हणणं. प्रशिक्षणातून 'अध्ययन निष्पत्ती', 'क्षमता' असे शब्द घेऊन येतात. सोमवारी सकाळी चटईवर नेमकं काय मांडायचं, ते मात्र कोणी सांगत नाही.

महिन्याला एक बैठक, त्यात गणिताला फार तर दीड तास. सुरुवात कशाने करावी? साहित्याला पैसे जवळपास नाहीत. आणि पालकांना काय सांगायचं? शेजारच्या इंग्रजी शाळेतलं मूल शंभरपर्यंत लिहितं, हे रोज ऐकावं लागतं.

कोयनाकाठ

पहिल्या बैठकीत आराखडा उघडूच नका. ताईंना सांगा, आज अंक नाहीत, अक्षरांनी मोजायचं. क म्हणजे एक, ख म्हणजे दोन, ग म्हणजे तीन, याच क्रमाने पुढे. आता तोंडी विचारा: च मध्ये ग मिळवले तर किती? ज मधून घ गेले तर किती उरले? (उत्तरं झ आणि घ.) मुळाक्षरं झोपेत म्हणणाऱ्या बायका बोटांवर मोजायला लागतील, पुटपुटतील, पहिल्यापासून म्हणत येतील. तिथेच थांबवा आणि विचारा, क ते ञ तोंडपाठ असूनही अडलं का? क्रम पाठ असणं आणि संख्या कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मग भाषणाशिवाय पटतं. मूल बोटं वापरतं म्हणून ओरडणंही त्याच दिवशी कमी होतं.

त्यानंतर एकच कृती शिकवा: 'मला दे'. मुलासमोर बाटलीची दहा बुचं ठेवायची आणि म्हणायचं, "मला चार दे." बस. पन्नासपर्यंत घडाघडा म्हणणारी कितीतरी मुलं इथे मूठभर उचलून हातात देतात. चुका तीन तऱ्हेच्या होतात आणि प्रत्येकीवर इलाज वेगळा, म्हणून ताईंनी नुसतं 'येत नाही' लिहून चालत नाही.

मूठभर देणाऱ्या मुलाला 'चार' म्हणजे एवढा गट, हे अजून उमगलेलं नाही. त्याच्यासाठी दोन आणि तीनवर उतरा. आधी गटाचं नाव घ्या, "ही बघ तीन बुचं", आणि मग मोजा. उलट केलं, म्हणजे नुसतं मोजून सोडून दिलं, तर शेवटचा शब्द त्याच्यासाठी शेवटच्या बुचाचं नाव होऊन बसतो. ओळखायची खूण: मोजून झाल्यावर "मग किती आहेत?" विचारलं की ते पुन्हा एकपासून मोजतं.

दुसरं मूल एक, दोन, तीन, चार म्हणतं आणि पुढे पाच, सहा देत सुटतं. त्याला किती द्यायचे तेच मोजताना विसरायला होतं. मागितलेला आकडा त्यालाच आधी मोठ्याने म्हणायला लावा, किंवा तेवढ्या टिकल्यांचं कार्ड समोर ठेवा. तिसऱ्याचं बोट आणि तोंड जुळत नाही: एक बूच दोनदा मोजलं जातं, एक सुटतं. त्याला ओळीतलं मोजायला देऊ नका. डावीकडून उचलून उजवीकडच्या ताटलीत टाकत मोजू दे, एक उचललं की एकच शब्द.

बैठकीत ताईंनी जोड्या करून हे करायचं. एकीने मूल व्हायचं आणि तीनपैकी एक चूक मुद्दाम करायची, दुसरीने ओळखायची. वीस मिनिटं पुरतात. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने तीन मुलांचं निरीक्षण लिहून आणायचं. हा गृहपाठ नसेल तर पुढची बैठक पुन्हा कोरी जाते.

पाटीपेन्सिल

वर लिहिलंय ते बरोबर. क्रमाबद्दल थोडं: आधी जोडी लावणं (प्रत्येक वाटीला एक चमचा), मग 'मला दे' तीनपर्यंत आणि पाचपर्यंत, मग न मोजता ओळखणं, मग पाचाचे भाग, आणि त्यानंतर अंकचिन्ह. आराखड्यात ज्याला ईएलपीएस म्हटलंय तो हाच प्रवास: अनुभव, बोली, चित्र, चिन्ह. आपल्याकडे चौथ्या पायरीपासून सुरुवात होते, सगळी गडबड तिथली.

न मोजता ओळखण्यासाठी पोस्टकार्डाचे दोन तुकडे करून त्यावर कपाळाच्या टिकल्या चिकटवा. एक ते पाच, प्रत्येक संख्येची तीन कार्डं: एक फाशावर असतात तशी मांडणी, एक ओळीत, एक विस्कटलेली. कार्ड दोन सेकंद दाखवून पालथं करायचं. ताई मायेपोटी कार्ड धरून ठेवतात, मुलं मोजायला लागतात आणि खेळाचा हेतूच जातो. लहान गटाला तीनपर्यंतच.

पाचाच्या भागांसाठी वाटी पुरते. पाच बुचं दाखवा, दोन वाटीखाली सरकवा, "झाकलेली किती?" हे तीनपासून सुरू करायचं.

आता लेखन. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या राष्ट्रीय अभियानाचं बालवाटिकेसाठीचं (पहिलीच्या आधीच्या वर्षाचं) उद्दिष्ट दहापर्यंतचे अंक ओळखणं व वाचणं आणि वस्तू, आकार, घटना क्रमाने लावणं एवढंच आहे. ५० पर्यंत लिहिणं त्यात कुठेही नाही. ९९ पर्यंतच्या संख्या पहिलीच्या वाट्याला आहेत. गिरवणं एका फटक्यात बंद करायला सांगू नका, ताई बिथरतील. पाच वस्तू बिनचूक देता येणाऱ्या मुलानेच अंक गिरवायचे, तेही ५ पर्यंत, एवढा नियम घाला. देवनागरीत ३ आणि ६ आरशातल्यासारखे उलटे पडतात, १ आणि ९ मध्येही घोळ होतो. या वयात ते स्वाभाविक आहे, लाल फुली नको. एका आठवड्यात ३ आणि ६ दोन्ही घेऊ नका, मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या. आधी हवेत मोठा हात फिरवून, मग वाळूच्या ताटात, शेवटी पाटीवर.

एकोणीस, एकोणतीसच्या वाटेला बालवाडीत जायची गरज नाही. 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' अशा वाचनावरून २०१९ मध्ये वाद झाला तो दुसरीच्या पुस्तकावरून. बैठकीत तो विषय निघाला तर अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

खटावची_मुख्यसेविका

साहित्यासाठी पैसे लागत नाहीत, नजर लागते. तुमच्याकडे हळद आहे. लांबीप्रमाणे क्रम लावायला पॉलिश केलेल्या हळकुंडांसारखं साहित्य नाही. सुरुवातीला तीनच द्या, दोघांच्या लांबीत निदान दोन बोटांचा फरक हवा. जमिनीवर खडूची रेघ ओढा आणि सगळ्यांची खालची टोकं रेघेवर टेकवायला लावा. रेघ नसेल तर मुलं फक्त वरची टोकं बघतात आणि छोटं हळकुंड वर सरकवून 'मोठं' करतात. तीन जमलं की पाच.

अंड्यांचा तीसचा ट्रे असतो पाच गुणिले सहाचा. सहाच्या बाजूने दोन-दोन ओळींवर कापला की दहा-दहा खळग्यांचे तीन तुकडे होतात, दहाची चौकट तयार. डावीकडची पाचाची रांग आधी भरायची ही शिस्त पाळा, म्हणजे सात म्हणजे पाच आणि दोन हे डोळ्यांना दिसतं. प्लास्टिकचा ट्रे साबणाने धुऊन घ्या. पुठ्ठ्याचा वापरलेला ट्रे धुता येत नाही, तो नको. त्यापेक्षा पुठ्ठ्यावर चौकट आखा.

घेवडा, हरभरा, चिंचोके तीन-चार वर्षांच्या गटात अजिबात नकोत. नाकात जातात, आणि ओलाव्याने बी फुगलं की काढणं अवघड होतं. मोठी बुचं, बांगड्या, कणसाची बुरकुंडं वापरा. मोजदाद रोज मुलांनीच करायची: डब्यावर किती नग आहेत ते लिहा, आवरताना मुलांकडूनच मोजून घ्या. वेगळा तास न काढता गणित होतं.

नोंदींबद्दल: चोवीस मुलं असतील तर रोज चारच बघा, सोमवार ते शनिवार सगळी होतात. वहीत तीनच खुणा: स्वतः, मदतीने, अजून नाही. यापेक्षा मोठा तक्ता दिलात तर तो महिन्याच्या शेवटी एका बैठकीत भरला जातो, मुलाकडे न बघता.

द्राक्षपट्टा

अक्षरांचा खेळ आणि 'मला दे' नक्की घेते. दोन गोष्टी राहिल्या. पालकांचं वर कोणी लिहिलं नाही. आणि 'आकृतिबंध' (पॅटर्न) म्हटलं की आमच्या ताई रांगोळी काढून दाखवतात, ते चालेल का?

जतकर

रांगोळी सुंदर असते, पण ती बघून मुलाला पुढे काय येणार ते ठरवता यायला हवं. फूल, पान, फूल एवढं मांडून "पुढे काय?" विचारलं तर काहीही बरोबर ठरू शकतं. ठरलेला भाग निदान तीन वेळा पूर्ण मांडा: फूल-पान, फूल-पान, फूल-पान. मगच विचारा. नंतर टाळी-टाळी-मांडी असं आवाजात घ्या. त्याहून पुढची पायरी म्हणजे मधली एक वस्तू वाटीने झाकून काय लपलंय ते विचारणं. शेवटची वस्तू सांगणारी मुलं इथे अडतात, कारण ती फक्त मागची एकच वस्तू बघून उत्तर देत असतात.

पालकसभेत मुलांना उभं करून काही करून दाखवू नका, एखादं अडलं तर घरी त्याची खैर नाही. कोयनाकाठ यांचा अक्षरांचा खेळ पालकांनाच द्या. मग एकच काम घरी: रात्री ताटं मांडताना "आपण किती जण? तेवढ्या वाट्या आण." वाटी कमी पडली तर सांगू नका, वाढताना त्यालाच कळू दे.

आमच्या जत भागासाठी एक पुस्ती. घरी कन्नड बोलणारं मूल मराठी बालवाडीत आलं की त्याला एक-दोन-तीन हे निव्वळ सूर वाटतात. ओंदु, एरडु, मूरु असं त्याच्या भाषेत मोजू द्या, 'मला दे' सुद्धा आधी कन्नडमध्ये घ्या. पाचपर्यंत वस्तू बिनचूक देऊ लागलं की मराठी शब्द जोडायला वेळ लागत नाही. हेच इंग्रजी माध्यमाला: घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला आधी मराठीत मोजू द्या. 1 आणि १ ही दोन्ही चिन्हं एकाच महिन्यात काढू नका.

कोयनाकाठ

एक राहिलं. सुरात अंक म्हणणं बंद करायला लावू नका. क्रम तोंडात पक्का व्हायला ते लागतंच. फक्त दोन मिनिटं, आणि कधी चारपासून सुरू, कधी सातवर थांबा. नेहमी एकपासूनच म्हणणाऱ्या मुलांना पहिलीत 'पाचाच्या पुढे तीन' मोजताना पुन्हा एकवर यावं लागतं.