मदत हवी आहे: म्हातारा मिनिएचर घोडा वाळत चाललाय आणि हिवाळा तोंडावर आलाय

पागेवाली, २१ सप्टेंबर

नमस्कार. इथे घोडा पाळणारं कुणी आहे का? नसलं तरी ओळखीत कुणी असेल तर कृपया हा धागा त्यांना दाखवा.

आम्ही न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात, फिंगर लेक्सजवळ राहतो. तीन वर्षांपूर्वी इथे घर घेतलं तेव्हा शेजारच्या आजी वृद्धाश्रमात निघाल्या होत्या आणि त्यांच्या दोन मिनिएचर घोड्यांचं काय करायचं हे ठरत नव्हतं. मी दोघांना ठेवून घेतलं. बिस्किट २८ वर्षांचा आहे, उंची जेमतेम ३३ इंच. जून ही घोडी १७ वर्षांची, उंचीला तेवढीच, पण पिंपासारखी गोल.

उन्हाळाभर मी समजत होते की दोघंही मजेत आहेत. बिस्किटचं पोट सुटलेलं, अंगावर केस दाट, त्यामुळे तो मला भरलेलाच दिसायचा. परवा खरारा करून झाल्यावर सहज पाठीवरून हात फिरवला आणि धस्स झालं. केसांखाली कण्याचा मणका न मणका बोटांना लागतो. बरगड्या मोजता येतात. पुठ्ठ्यावरचं मांस पार बसलंय. पोट तेवढं लोंबतंय.

काल मिनीव्हॅनच्या मागच्या सीट काढून, खाली रबरी चटई घालून त्याला कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे मोठ्या कुत्र्यांसाठी जमिनीलगतचा वजनकाटा असतो. १७२ पौंड भरला, म्हणजे ७८ किलो. मार्चमधल्या कागदावर १९८ पौंड, म्हणजे ९० किलो लिहिलंय. सहा महिन्यांत १२ किलो गेले आणि रोज चारा घालणाऱ्या मला ते कळलं नाही. दोन रात्री झोप नाही.

खाणं सांगते. दोघांना मिळून सुकं टिमोथी गवत, सकाळ-संध्याकाळ, आणि दिवसभर कुरण मोकळं. बिस्किट खातो, म्हणजे तोंड चालू असतं. पण शेडमध्ये ओल्या गवताचे चघळलेले बोळे पडलेले सापडतात. ते जूनचे असतील असं वाटायचं.

बाबा साताऱ्याला असतात. त्यांच्या लहानपणी घरी टांग्याचा घोडा होता. ते म्हणतात, भिजवलेले हरभरे, कोंड्याची लापशी आणि वर गुळाचा खडा दे, महिन्याभरात घोडा भरतो. देऊ का? इथे ऑक्टोबरात दहिवर गोठायला लागतं आणि नोव्हेंबरात बर्फ. माझ्याकडे सहा-सात आठवडे आहेत. आणि त्याला वाढवताना जूनला आणखी कसं वाढू द्यायचं नाही? घोड्यांच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या शुक्रवारची मिळाली आहे.

रानजाई, २१ सप्टेंबर

पागेवालीताई, मी पशुवैद्य आहे, ऑन्टारियोत घोड्यांचंच काम करते. प्राणी न पाहता औषध सांगणार नाही, पण शुक्रवारपर्यंत काय करायचं ते सांगते.

ते बोळे बिस्किटचेच असणार. घोड्याची दाढ आयुष्यभर हिरडीतून वर सरकत असते, वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर, आणि तेवढीच चावून झिजते. पंचविशीनंतर मुळाशी शिल्लकच उरत नाही. दाढा गुळगुळीत होतात, हलतात, पडतात. मिनींच्या, म्हणजे मिनिएचर घोड्यांच्या, लहानशा जबड्यात दातांची आधीच दाटी असते, त्यांना हा त्रास जास्त. मग गवत तोंडात फिरतं, दळलं जात नाही, बोळा होऊन बाहेर पडतं. जे आत जातं तेही लांब काड्यांचंच, आणि त्याने मिनीला पोटशूळ उठू शकतो. डॉक्टरांना तोंड उघडं ठेवणारं साधन लावून, दिव्याच्या उजेडात शेवटच्या दाढेपर्यंत बघायला सांगा.

दुसरं म्हणजे कुशिंग, पीपीआयडी म्हणतात तो म्हाताऱ्या घोड्यांचा संप्रेरकांचा आजार. पाठीचं मांस जाणं, पोट लोंबणं, उन्हाळ्यातही केस दाट राहणं, हे वर्णन त्याच्याशी जुळतं. एसीटीएच या संप्रेरकाची रक्ततपासणी करून घ्या. शरद ऋतूत ते सगळ्याच घोड्यांत वाढतं, म्हणून आकडा त्या ऋतूच्या प्रमाणाशी ताडून बघायचा असतो, पण आजार पकडायला हाच काळ चांगला. नमुना बहुधा तुमच्या जवळच्या कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतच जाईल. सोबत इन्सुलिन बघा आणि लिदीत जंतांची अंडी मोजायला सांगा. जंतांचं औषध अंदाजाने देऊ नका. मॉक्सिडेक्टिनसारखं औषध वाळलेल्या मिनीला थोडंही जास्त झालं तर महागात पडतं.

आजपासून चारा भिजवून द्या. टिमोथी-लसूणघासाचे क्यूब्ज, म्हणजे दाबून केलेले सुक्या चाऱ्याचे ठोकळे, आणि बिनमळीचा बीटचा चोथा कोमट पाण्यात तासभर, बोटांनी सहज कुस्करेपर्यंत. कोरडे अजिबात नकोत, घशाखाली अडकतात. एकदम बदल करू नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. घोड्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो. बिस्किटला ९० किलो धरून १.८ किलो, चार-पाच वेळा वाटून. वजन भिजवण्याआधी करायचं, भिजल्यावरचा ढीग बघून फसगत होते.

आणि हे मात्र विसरू नका: मिनी उपाशी राहिला की शरीरातली चरबी एकदम रक्तात उतरते आणि यकृत बसतं. त्याने एक वेळचं खाणं सोडलं तरी सकाळची वाट बघू नका, डॉक्टरांना फोन करा.

घाटमाथा, २२ सप्टेंबर

ताई, आमचे मामा माथेरानला घोडे चालवतात. तिथे मोटारींना बंदी, त्यामुळे माणसं, सामान बरंचसं घोड्यांवर. तुमचा धागा त्यांना फोनवर वाचून दाखवला.

मामा म्हणाले, तुमच्या बाबांचं चुकलं नाही, फक्त तो घोडा वेगळा. टांग्याचा किंवा ओझ्याचा घोडा दिवसभर चढ-उतार करतो, त्याला हरभऱ्याची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, पचते आणि लागतेही. उभ्या घोड्याला तीच चंदी पायात उतरते, असं त्यांचे वडील म्हणायचे. म्हणजे खूर दुखायला लागतात, चालताना घोडा मागच्या पायांवर भार टाकतो. आणि दात नसलेल्या घोड्याला भिजवलेला हरभरासुद्धा अख्खाच लिदीत दिसतो.

अंग केसांवरून कधी बघू नका, हातानेच बघा, दर रविवारी त्याच जागी. मामा डोळे मिटून बघतात.

रानजाई, २२ सप्टेंबर

मामांचं बरोबर आहे. पायात उतरणं म्हणजे आम्ही ज्याला लॅमिनायटिस म्हणतो तोच खुरांच्या आतला दाह, आणि कुशिंग असलेल्या घोड्याला त्याचा धोका फार. म्हणून गूळ नाही. कोंडाही रोज नको, त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतं.

कुरणाबद्दल: दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा, असं असलं की गवत साखर बनवतं पण वाढीला वापरत नाही, ती पात्यात साठते. दहिवराच्या सकाळी ते गवत दोघांनाही नको. जूनला तर आत्तापासूनच कमी करा.

सुगरण_नाशिक, २३ सप्टेंबर

घोड्यातलं काही कळत नाही, पण घरी ८४ वर्षांच्या सासूबाई आहेत. त्यांच्याही कवळीचं असंच झालं होतं, ताटात सगळं वाढलेलं आणि पोटात काही जात नव्हतं. बिस्किटसाठी थांबून राहीन इथे.

पागेवाली, २९ सप्टेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. सुगरणताई, तुमचं वाचून रडू आलं, खरंच तसंच होतं.

शुक्रवारी डॉक्टर येऊन गेल्या. वरच्या चार दाढा नाहीतच, खालची एक हलत होती ती काढली, एका दाढेची कड गालात रुतून तिथे जखम झाली होती. ती कड घासून बोथट केली. सुकं लांब गवत आता त्याला पोषणासाठी मिळणार नाही, चघळायला मूठभरच. रक्त कॉर्नेललाच गेलं. लिदीत अंडी थोडीच होती, औषध वजनावरून मोजून दिलं.

आता दिवसाला क्यूब्ज, चोथा आणि म्हाताऱ्या घोड्यांचा संपूर्ण आहार म्हणतात तो दाणा, मिळून १.८ किलो. सहा, अकरा, चार आणि रात्री दहा अशा चार वेळा. घरून काम करते म्हणून जमतं. अडचण जूनची. ती त्याला ढकलून घमेलं चाटून पुसून साफ करते. घाटमाथा, मामांकडे घोड्यांना तोबरा, ती तोंडाला अडकवायची खाण्याची पिशवी, बांधतात ना? इथे तसा मिळतो. दोघांना बांधू का?

घाटमाथा, ३० सप्टेंबर

मामा म्हणतात तोबरा कोरड्या चंदीला. ओली लापशी नको, नाकपुड्या बुडतील. फाटक घालून त्याला वेगळं करा, पण घोडी त्याच्या नजरेसमोर राहू द्या. एकटा पडला की घोडा खात नाही.

पागेवाली, १२ ऑक्टोबर

शेडमध्ये मधोमध फाटक बसवलं. जून पलीकडे बारीक भोकांच्या जाळीतून मोजून दिलेलं गवत खाते, बिस्किट इकडे सावकाश जेवतो. एका घमेल्याला त्याला पन्नास मिनिटं लागतात. आधी तेच घमेलं जून पाच मिनिटांत संपवत होती, म्हणजे त्याच्या वाट्याला काय येत असेल.

कुशिंग निघालं. त्यावरच्या पर्गोलाइड नावाच्या औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी रात्री दहाचं घमेलं त्याने हुंगलं आणि तोंड फिरवलं. एरवी मी सकाळपर्यंत थांबले असते. रानजाई, तुमचं वाक्य आठवलं म्हणून लगेच फोन केला. डॉक्टरांनी पहाटे रक्त घेतलं, चरबी चढलेली नव्हती. या गोळीने सुरुवातीला भूक मरते म्हणे. डोस कमी केलाय, मग हळूहळू वाढवायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा खायला लागला. वजन १७५ पौंड.

प्रश्न: झूल घालू का? रात्री शून्याच्या आसपास तापमान जातं.

रानजाई, १२ ऑक्टोबर

फोन केलात ते फार योग्य केलंत. गोळी कुटू नका, तिची भुकटी तुमच्या श्वासात जायला नको.

अंगावर पूर्ण केस असलेला, भरलेला, कोरडा घोडा साधारण उणे ८ अंश सेल्सियसपर्यंत स्वतःला सांभाळतो. बिस्किट वाळलेला आहे आणि इवल्या शरीरातून ऊब लवकर निसटते, त्यामुळे त्याला मी आधीच घालीन. मात्र पाऊस झिरपू न देणारी, आणि रोज काढून खाली हात फिरवायचा. झुलीखाली वाळणारा घोडा महिनाभर कुणाला कळत नाही. थंडीची लाट येणार असेल तर त्या दिवशी एक घमेलं जास्त द्या. चारा आतड्यात आंबताना जी ऊब तयार होते तीच त्याची शेगडी. आणि पाणी कोमट ठेवा. बर्फगार पाणी म्हातारे घोडे कमी पितात आणि आतडी तुंबतात.

पागेवाली, ९ नोव्हेंबर

काल पहिला बर्फ पडला, बोटभर.

बिस्किट १८३ पौंड. ८३ किलो. सात आठवड्यांत ५ किलो. ९० अजून लांब आहे. डॉक्टर म्हणतात पाठीचं सगळं मांस परत येईलच असं नाही, घसरण थांबली हे मोठं आहे. जून चार किलोने उतरली. तिच्या बरगड्या पहिल्यांदाच बोटांना लागल्या, दाबून का होईना.

पाण्याला विजेवर गरम राहणारी बादली लावली. तासाभरात दोघंही तिथेच उभे. बाबांना व्हिडिओ कॉलवर बिस्किट दाखवला. गूळ का देत नाही ते सांगितलं, तर म्हणाले, "मग त्याला माझ्याकडून मानेवर थोपट." थोपटलं.

रानजाई, एकच विचारायचं राहिलं. जानेवारीत आमच्याकडे उणे २० होतं. रात्री दहा ते सकाळी सहा हे अंतर तेव्हा त्याच्यासाठी फार होईल का? दोन वाजता उठायला मी तयार आहे.